मर्जी होईल तितकी

९ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मागच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही, तरी हे तिसरं लिहिते आहे. तू पत्रं फाडत नाहीस, घडी करून खळीच्या डब्यामागे खोचून ठेवतोस, असं आत्या सांगून गेली. ठेव बापडा. पण हे एक आधी वाच आणि मग ठेव.

परवा कारखान्याचा खर्च लिहायला बसले. तुला ठाऊक आहे, यांच्या साबणाच्या कारखान्याचा रोजचा खर्च मीच लिहिते. पानावर वर देवाचं नाव, खाली तेल, सोडा, हमाली. त्यात 'रजिस्टर पोस्ट' अशी चिठ्ठी निघाली. कुणाला पाठवलं म्हणून विचारलं, तर हे वर न बघता म्हणाले, "तुझ्या माहेरी."

यांच्याकडून तुला इतक्या महिन्यांनी काहीतरी गेलं, आणि ती नोटीस होती. मी ती पैशांची ओळ लिहिली, शाई वाळू दिली आणि उठले.

नोटिशीत काय आहे ते मला नंतर कळलं. चाळीस हजार खोकी, एप्रिल संपायच्या आत, आपल्या नानांनी हयातीत यांच्याशी कागद केला त्या वेळच्या भावाने. नाही दिलीस तर नुकसान भरून द्यायचं. यांना हॉस्पिटलची मोठी ऑर्डर मिळाली आहे. त्यांना चकचकीत कागदात गुंडाळलेला साबण नको, कारण त्यात वडीला घाम सुटतो आणि कागद चिकटून बसतो. प्रत्येक रुग्णाला कोरड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात वेगळी वडी हवी. म्हणजे तुझीच खोकी हवीत. वर्षभर ज्यांची आठवण नव्हती, ती आता हवीत.

त्या भावात आज नुसता पुठ्ठा तरी येतो का रे? खळ, मजुरी, मशीनची वीज सोडूनच दे. मी इथे आमच्या जुन्या बिलांच्या पाठीवर जुळवून पाहिलं, दर खोक्यामागे तू पदरचे घालणार आहेस. आत्या तर खुर्चीत टेकायच्या आधीच सुरू झाली, "तुझ्या नवऱ्याच्या साबणापायी माझ्या भाच्याचं घर फेसात जाणार बघ!" मग तिनेच सांगितलं की तू बँकेत जाऊन आलास. कारखाना आणि मागच्या दोन खोल्या तारण ठेवून पुठ्ठा आणणार आहेस.

काल मी आमच्याकडची नानांच्या कागदाची प्रत काढून वाचली. तुझ्याकडे दुसरी आहेच, तरी इथे उतरवते. हाताने लिहिल्याशिवाय मला काही नीट समजत नाही.

'आमच्या जावईबापूंस त्यांची मर्जी होईल तेव्हा, मर्जी होईल तितकी खोकी, ठरल्या भावाने, तक्रार न करता देत जावी. या मापाची खोकी अन्य कोणास करून देऊ नयेत. माझ्यामागे माझ्या मुलानेही हे पाळावे.' खाली नानांची सही, तुझी सही, आणि यांनी 'मान्य' लिहून केलेली सही.

गेल्या साली यांनी चकचकीत कागद घ्यायला सुरुवात केली, तेव्हा तू हाच कागद घेऊन इथे आला होतास. तयार खोक्यांची चळत तुझ्याकडे छताला टेकली होती. त्याच मापाची खोकी मागणाऱ्या मेणबत्तीवाल्याला तू या कागदापायी परत पाठवलं होतंस. हे म्हणाले, "कागदात मर्जी लिहिलंय. माझी मर्जी नाही." तू उठून गेलास. मी पाणी घेऊन बाहेर आले तर खुर्ची रिकामी.

मी यांच्याविरुद्ध लिहिते आहे असं समजू नकोस. हे कुणाचे पैसे बुडवत नाहीत, कामगाराला उपाशी ठेवत नाहीत. पण बँकेच्या कागदावर इतक्यात सही करू नकोस. का, ते मला सांगता येत नाही. नुसतं आत काहीतरी खटकतं आहे, एका बाजूचा हिशेब लिहिला आणि दुसरी बाजू कोरी राहिली की खटकतं तसं. थोडं थांब.

तुझी
ताई


१७ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय धाकट्या,

उत्तर नाही. बरं.

काल यांचे वकील घरी आले होते. माणूस तसा हसतमुख आहे. चहा झाल्यावर बशी उचलायला मी गेले तर म्हणाले, "वहिनी, साखर अगदी मोजून टाकता तुम्ही!" मी म्हटलं, "मोजूनच आणते ना." ते मोठ्याने हसले. मग मी आत जाऊन भाजी निवडत बसले. आमची मधली भिंत कशी आहे ते तू जाणतोस. तू लहानपणी इथे राहायला यायचास तेव्हा या खोलीत कुजबुजलास तरी हे त्या खोलीतून उत्तर द्यायचे.

त्यांचं बोलणं मी ऐकलं. मुद्दाम कान दिला नाही आणि कानावर हातही ठेवले नाहीत. जे ऐकलं ते तुझ्याबद्दल होतं.

काय ऐकलं ते आज लिहिणार नाही. मी या घराचं मीठ खाते. या घरातली गोष्ट यांच्या मागे माहेरी लिहून कळवली, तर संध्याकाळी देवापुढे हात जोडताना मी कुठल्या तोंडाने जोडू? आणि नाही कळवली, तरी तेच. काल प्रार्थनेला बसले आणि देवाला नेमकं काय मागायचं तेच सुचेना. शेवटी 'तूच बघ' एवढं म्हणून उठले. ही काही प्रार्थना नव्हे, जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणं झालं.

आत्या म्हणते, बँकेचा माणूस तुझं मशीन बघून गेला. तुझ्याकडच्या खळ लावणाऱ्या बाईने त्याला विचारलं म्हणे, "साहेब, मशीनसोबत आम्हालाही लिहून घेणार का?" तिची जीभ अजून तशीच आहे तर.

सही केलीस का? एवढं तरी कळव. हो किंवा नाही. पत्र नको, आत्याबरोबर निरोप दे.

तुझी
ताई


२४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय धाकट्या,

आत्या आली होती. अजून सही झाली नाही, शुक्रवारी आहे, असं कळलं. म्हणून आता सगळं लिहिते. आधी यांना सांगितलं आहे, मग लिहायला बसले आहे. तुला हे ठाऊक असावं, कारण पुढे कधी ताईने चोरून कळवलं असं कुणी म्हणू नये.

वकील काय म्हणाले, ते शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत सांगते. यांनी नानांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "कोर्टात गेलो तर हा टिकेल ना?" वकिलांनी वाचला, पुन्हा वाचला आणि हसले. म्हणाले, "अहो, हा करारच नव्हे. यात मोबदला कुठे आहे? त्यांनी देऊ म्हटलंय, पण तुम्ही घेऊ असं कुठे म्हटलंय? मर्जी होईल तितकी! मर्जी झालीच नाही तर? तर काही नाही. म्हणजे तुम्ही कशालाच बांधलेले नाही. आणि एक जण काहीच देत नसेल तर दुसऱ्यालाही बांधता येत नाही. कायदा असा एकाच बाजूला गाठ मारत नाही."

हे म्हणाले, "पण मी मान्य लिहून सही केली आहे."

"काय मान्य केलंत? तुमची मर्जी चालेल हे मान्य केलंत! ते कोण मान्य करणार नाही? 'आमच्या साबणाला लागतील तितकी सगळी खोकी तुमच्याकडूनच घेऊ' असं असतं, तरी चाललं असतं. आकडा नसता तरी चाललं असतं. तुमच्या गरजेला तरी ते तुम्हाला बांधलं असतं. मर्जी कुणाला बांधत नाही. प्रत्येक वेळी तुम्ही मागितलं, त्यांनी दिलं, तेवढ्यापुरता तो तो व्यवहार झाला. त्याचे पैसे द्यायचे. पुढचं काही नाही."

"मग नोटीस?"

"नोटीस राहू द्या की. हे त्यांना कुठे ठाऊक आहे? बापाचा कागद म्हटल्यावर माणूस घाबरतो. देतील मुकाट्याने. तुम्ही फक्त बोलू नका."

तर असं आहे. तू बांधलेला नाहीस. चाळीस हजार नाही, एकसुद्धा खोकं त्या भावाने द्यायला तू बांधलेला नाहीस. मेणबत्तीवाल्याला ती खोकी करून द्यायलाही तू मोकळा आहेस, आणि कालही होतास. माझ्या शब्दावर जाऊ नकोस. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई, भिंतीआडून ऐकलेलं सांगते आहे. तिथल्या एखाद्या वकिलाकडे कागद घेऊन जा आणि विचार, 'यात मोबदला आहे का?' एवढं विचारलंस तरी पुरे.

यांना मी शनिवारी सांगितलं. हे सुकत ठेवलेल्या वड्या उलटत होते. मी म्हटलं, "वकील जे म्हणाले ते मी धाकट्याला कळवणार आहे."

यांचा हात थांबला. "घरातली गोष्ट बाहेर जायची नाही."

"तो बाहेरचा कधी झाला? कागद करताना तर घरचा होता. घरचा म्हणूनच त्याला अट घालता आली नाही."

"तुझा भाऊ तुला काय देतो गं? वर्षात एक पत्र तरी?"

"काही देत नाही," मी म्हटलं. "आपणही त्याला काही देत नाही. मग त्याच्याकडून चाळीस हजार खोकी कुठल्या हक्काने घ्यायची?"

हे पुन्हा वड्या उलटू लागले. म्हणाले, "ऑर्डर गेली तर या घरात काय शिजवशील?"

मी म्हटलं, "जे शिजवीन ते तुम्ही आजवर कधी टाकलं नाहीत."

त्यानंतर आमच्यात कामापुरतं बोलणं आहे. 'मीठ दे', 'किल्ली कुठे', एवढंच. मला कळतं की मी यांचं नुकसान केलं. हे नुकसान खरं आहे, ते मी लपवत नाही. रोज संध्याकाळी यांच्यासाठीही मागते.

शुक्रवारी सही करू नकोस.

तुझी
ताई


६ मार्च, शुक्रवार

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड आलं. किती दिवसांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून 'र' तसाच, पडायला आलेला.

पण लिहिलंस काय, तर चार ओळी. 'ताई, वकिलाला विचारलं. तू म्हणतेस ते खरं आहे. सही पंधरा दिवस पुढे ढकलली आहे. पण कायदा काही म्हणो, नानांचा शब्द आहे, मी खोकी देणार.'

मी ते कार्ड देवापुढे ठेवलं, मग उचललं आणि पुन्हा वाचलं. रागही आला आणि रडूही. नानांनी तुझ्यात आणखी काही घातलं नाही, हा हट्ट मात्र भरपूर घातला.

आता ताईचं ऐक. कागद झाला तेव्हा तू दुकानात पुठ्ठा आणायला गेला होतास, नंतर येऊन सही केलीस. मी तिथे होते. समोरचे गृहस्थ, ते बँकेतून निवृत्त झालेले, नानांना म्हणाले, "अहो, जावई किती घेणार तेही लिहून घ्या. निदान महिन्याला इतकी तरी, असं." नाना केवढे गोरेमोरे झाले! म्हणाले, "जावयाला अट घालू? उद्या जेवायला बोलावताना किती पोळ्या खाणार ते लिहून घेऊ का?" आणि मग आपल्या उत्तम अक्षरात त्यांनी ते 'मर्जी' लिहिलं.

नानांची जुनी पत्रं काढ. यांना लिहिलेलं प्रत्येक पत्र बघ. 'मर्जी असेल तेव्हा यावे.' 'मर्जी असल्यास कळवावे.' 'मर्जी राखावी.' त्यांना जावयाशी बोलायची दुसरी भाषाच येत नव्हती. हे किती वेळा गेले नाहीत, नाना कधी 'का आला नाहीत' असं विचारू शकले का? तोच शब्द पत्रातून उचलून त्यांनी व्यवहारात ठेवला. पत्रात तो मान होता. व्यवहारात ठेवल्यावर त्याने यांना मोकळं सोडलं आणि तुला बांधून घातलं. नानांना हे कळलं असतं तर त्यांनी कागद केला असता का?

तू म्हणशील, कळो न कळो, शब्द तो शब्द. ठीक. मग सांग, हा शब्द नानांनी कशासाठी दिला? भाव चांगला होता म्हणून? नव्हता. यांनी काही कबूल केलं म्हणून? नाही. आत्याने मला तोंडावर सांगितलं, "अगं, ती खोकी नव्हती, तू होतीस. आपण मागे पडलो तर पोरीला सासरी ऐकून घ्यावं लागेल, म्हणून माझा भाऊ गप्प बसून खोकी देत राहिला."

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आता कळल्यावर मी गप्प बसणार नाही.

शब्द माझ्यासाठी दिलेला होता ना? मग तो पुरा झाला की नाही हे मी सांगणार. यांनी मला खोक्यांवरून कधी एक शब्द ऐकवला नाही. पहिल्या वर्षीही नाही, तू भांडून गेलास तेव्हाही नाही, आणि आता मी तुला सगळं कळवलं त्यानंतरही नाही. गप्प आहेत, पण टोचून बोललेले नाहीत. मला या घरात जी जागा आहे ती मी माझ्या कामाने आणि यांच्या चांगुलपणाने मिळवली आहे. तिच्यासाठी माहेराहून काही यायची गरज नाही, आणि कधी नव्हती. तू तुझं घर बँकेत टाकून चाळीस हजार खोकी पाठवलीस, तर त्यातलं प्रत्येक खोकं मला सांगेल की माझी किंमत भावाच्या छपराएवढी आहे. असलं सुख मला नको.

काही न मागता देत राहायचं, हे फक्त देवाच्या बाबतीत. आणि यांना मी कितीही मानलं, तरी नवरा आहेत, देव नव्हेत. (हे वाक्य आत्याला वाचून दाखवू नकोस, गावभर करेल.)

तर मी, ज्या मुलीसाठी नानांनी तो शब्द दिला ती, तुला त्यातून मोकळं करते आहे. आज, स्नान करून, देवासमोर बसून लिहिलं आहे. यापेक्षा मोठी सही माझ्यापाशी नाही.

खोकी द्यायची तर दे. पण तुला परवडेल त्या भावाने, आणि किती घेणार ते यांच्याकडून लिहून घेऊन. ते पत्र मला नको पाठवू, सरळ यांना पाठव.

तुझी
ताई


२१ मार्च, शनिवार

प्रिय धाकट्या,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. यांच्या हाती देते आहे. हे आज सकाळच्या गाडीने तुझ्याकडे निघाले आहेत.

तुझं पत्र आलं त्या दिवशी यांनी ते उभ्यानेच वाचलं. नवा भाव, निम्मे पैसे आधी म्हणजे बँकेचं कर्ज नको, आणि शेवटी, 'किती घेणार ते लिहून द्यावे.' कागद टेबलावर आपटला. "हा मला अटी घालतो? मी त्या घरचा जावई आहे!"

"जेवायला बोलावतील तेव्हा जावई," मी म्हटलं. "खोकी मागायला जाल तेव्हा गिऱ्हाईक."

"तू शिकवलंस त्याला हे."

"हो."

खोटं कशाला बोलू? मग आठवडाभर हे दुसरीकडे फिरले. कुणाकडे या मापाचा साचा नाही, कुणी साच्याचे वेगळे पैसे मागतो, कुणाची खोकी इतकी मऊ की वडी ठेवली की तळ पोटासारखा सुटतो. रोज संध्याकाळी एकेक नमुना आणून टेबलावर ठेवायचे आणि न बोलता जेवायचे. एक नमुना मी मीठ ठेवायला घेतला, तर म्हणाले, "मिठाला तरी चालतंय का ते बघ."

गेल्या रविवारी तेलाची पिंपं उतरली. हॉस्पिटलच्या ऑर्डरीसाठी यांनी आजवर कधी भरलं नव्हतं इतकं तेल भरलं आहे. मी पावत्या जुळवत होते. म्हटलं, "एवढं तेल कुठल्या भरवशावर घेतलंत?"

"भरवसा कसला? लिहून घेतलंय मी. इतक्या वड्या घेणारच, नाही घेतल्या तरी पैसे देणार. त्या एका ओळीसाठी तीन खेपा घातल्या त्यांच्या ऑफिसात. साहेब म्हणत होता, आम्ही काय पळून जातोय का? मी म्हटलं, साहेब, तुम्ही पळणार नाही, पण माझं तेल पडून राहील."

"आणि त्यांनी, 'आमची मर्जी झाली तर घेऊ,' असं लिहिलं असतं तर?"

"तर मी काय वेडा आहे तेल भरायला?"

मी पावत्यांना टाचणी लावली. हे पिंपाच्या झाकणावर बोटं वाजवत उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "तेल वेगळं, खोकी वेगळी."

"धाकट्याचं तेल म्हणजे पुठ्ठा," मी म्हटलं.

काल रात्री यांचं जेवण झालं, हात धुतले आणि विचारलं, "तिकडे जायला सकाळची गाडी किती वाजता असते?"

मी वेळ सांगितली. मग हे म्हणाले, "तूही चल. तू असलीस म्हणजे तो जरा नरम पडेल."

धाकट्या, मला यायचं होतं. दीड वर्ष झालं, तुझा कारखाना पाहिला नाही, मागच्या खोलीत बसले नाही, तुझ्या धाकट्या लेकीला तर मी अजून मांडीवरही घेतलं नाही. पिशवी भरायला किती वेळ लागतो? पण मी म्हटलं, "मी येत नाही." मी तिथे बसले की तू माझ्याकडे बघून आकडे लिहिशील. नानांनी तेच केलं. या वेळी मी त्या खोलीत नसावं, हेच बरं.

तर आता नीट ऐक. यांना घरात घे, बसव, पाणी दे. मागचं काढू नकोस, तेही काढणार नाहीत, निदान तसं कबूल केलं आहे. पण भाव कमी करायला सांगितला तर माझं नाव मनात आणू नकोस. तुझं जमत असेल तरच कमी कर. मेणबत्तीवाल्याला तू हो म्हणाला आहेस, असं आत्याकडून कळलं. त्याचं काम यांच्यासाठी मागे टाकू नकोस. यांना त्याच्यामागे थांबावं लागलं तर थांबतील. आणि नव्या कागदात यांनी काय करायचं तेही यांच्याच हाताने लिहून घे. या ऑर्डरीची खोकी किती घेणार, ते आकड्यात. पुढे साबणाला पुठ्ठ्याची जितकी खोकी लागतील तितकी तुझ्याकडूनच घेणार की नाही, तेही. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, पण अधलंमधलं काही नको. तू काय देणार ते त्याखाली तू लिही. हे म्हणतील, "घरातल्या घरात एवढं कशाला?" तेव्हा म्हण, घर टिकावं म्हणूनच.

नाहीच जमलं तर नाही जमलं. हे रिकाम्या हाताने परत आले तरी मी जेवायला वाढीन, यांच्यावरही रागावणार नाही आणि तुझ्यावरही नाही. तेल दुसरीकडे विकता येईल. हॉस्पिटलच्या साहेबाला काय सांगायचं ते हे सांगतील. तंगी येईल, ती मला नवी नाही.

मी पुढच्या आठवड्यात येईन. व्यवहार झाला तरी येईन आणि फिसकटला तरी येईन. तेव्हा खोक्यांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही.

हे पायात चपला घालून दारात उभे आहेत. विचारतायत, "पाकीट चिकटवलं नाहीस?"

मी म्हटलं, नाही. वाटेत वाचा. अर्धं तुम्हालाच लिहिलं आहे.

तुझी
ताई